आपल्याच चाळीवर कथा लिहिली, आता चाळ बोलत नाही

निशिगंध
जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर कुणावर तरी अन्याय होईल.

माझ्या मामेबहिणीची मुलगी, वय २२, लालबागला चाळीत राहते. शाळेपासून लिहिते. यंदा तिची एक मोठी कथा दिवाळी अंकात छापून आली, घरात पहिल्यांदाच कुणाचं नाव छापून आलंय त्यामुळे आम्ही सगळे हवेत होतो. कथा १९८२ च्या गिरणी संपावर आहे. एक खानावळवाली बाई आणि तिच्याकडे जेवणारा एक साचेवाला, म्हणजे गिरणीत माग चालवणारा. संपाला सात-आठ महिने होऊन गेलेत, त्याची लहान मुलगी आजारी आहे, औषधाला पैसे नाहीत. एक दिवस तो गुपचूप कामावर जायला लागतो. चाळीत कुणाला कळत नाही, खानावळवालीला मात्र कळतं कारण तो रात्रीचा डबा बांधून मागतो. ती कुणाला बोलत नाही, डबा देत राहते. एवढीच गोष्ट.

ती खानावळवाली म्हणजे माझी मामी, मुलीची आजी. आणि तो साचेवाला म्हणजे आमच्याच मजल्यावरचे आबा. नाव बदललंय, गिरणीचं नावच नाही. पण एका पायानं लंगडतो, तपकीर ओढतो, भजनात पखवाज वाजवतो असा माणूस अख्ख्या चाळीत एकच आहे हो. त्यांचा मोठा मुलगा चाळीच्या मंडळात आहे, दर १८ जानेवारीला संपाच्या आठवणींचा कार्यक्रम असतो त्यात तो दरवेळी बोलतो की माझा बाप शेवटपर्यंत हटला नाही.

कुणीतरी पानांचे फोटो काढून व्हॉट्सअपला टाकले आणि भडका उडाला. मंडळानं तिचा सत्कार ठरवला होता तो रद्द. ग्रुपमधून काढलं. नळावर तिच्या आईला एक शेजारीण म्हणाली, "तिका कोणी सांगल्यान होता ह्यां सगळा लिवूक?" आता मंडळाचं म्हणणं आहे की लेखी माफी द्या, आम्ही फळ्यावर लावू.

माझं मत, लेखी माफी अजिबात देऊ नये. पण आबांच्या अंगाखांद्यावर आम्ही खेळलोय, त्यांचा विचार मनातून जात नाही. कुणाला असा अनुभव आहे का?

डिलाईल_रोड
माफी? कशाची? तिनं खोटं लिहिलंय का? नाही ना, मग विषय संपला. कामगारवस्तीतून आलेल्या पोरांनी लिहायला लागावं म्हणून आपण सगळे गळे काढतो आणि एक मुलगी लिहिते तर तिला फळ्यावर लावणार. नारायण सुर्वे मास्तर ह्याच गल्ल्यांतून लिहीत होते, त्यांनी काय परवानगीचे अर्ज भरून कविता लिहिल्या?

अनामिका७
+१ डिलाईल रोड. मुलीचं अभिनंदन आधी.

तिसरी_पाळी
डिलाईल रोड, इतकं सोपं नाही ते. माझे वडील स्पिनिंगला होते, पूर्ण संप घरी बसले, म्हणून थोडं लांबण लावतो.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत म्हणाले आणि लोक निघाले, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असं सगळ्यांना वाटत होतं. आणि संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही, तो तसाच विरत गेला. आमच्या घरातली तांब्यापितळेची भांडी एकेक करून गेली, शेवटी आईचं मंगळसूत्र गेलं. पावसाळ्याआधी आई आम्हाला घेऊन गावी गेली आणि वडील गाळ्यात सात जणांबरोबर राहिले. अशात जो कामावर गेला तो नुसता कामावर नाही गेला. त्याच्यामुळे मालक म्हणाला, बघा, गिरणी चालू आहे. अशा लोकांच्या दारावर रात्री थापा पडायच्या, मारहाण व्हायची, बायकांशी नळावर कुणी बोलायचं नाही. माझे वडील वारले तोपर्यंत कोण गेलं आणि कोण नाही गेलं ही यादी त्यांना तोंडपाठ होती. पुढे आजारपणात, लग्नाकार्यात त्याच लोकांनी खांदा दिला तरी यादी पुसली नाही.

बाहेरचा वाचक ही कथा वाचून म्हणणार, अरेरे बिचारा, मुलीसाठी गेला. चाळीतला माणूस वाचताना त्याला एवढंच दिसणार की हा गेला होता. मुलीनं कितीही मायेनं लिहिलं असेल, आणि लिहिलं असणारच, पण आपल्या वस्तीत ती कथा नाही, तो निकाल आहे. म्हणून मुलाला जे झोंबलं ते मला कळतं. ग्रुपमधून काढणं, आईला बोलणं हे चूकच, ते निराळं.

पावटा
आमच्या चाळीवर कुणी कथा लिहिली तर वेगळंच भांडण होईल. "आमचं नाव का नाय घेतलं?" म्हणून.

निशिगंध
तिसरी पाळी, धन्यवाद. हे तिला वाचून दाखवणार आहे. तिच्या पिढीला संप म्हणजे पुस्तकातली गोष्ट वाटते, दारावरच्या थापा माहीत नाहीत.

पावटा :) तसेही आहेत. दोन खोल्या सोडून एक काका विचारून गेले, पुढच्या कथेत मला घे.

वकिलीण
कायद्याचं थोडं, म्हणजे नंतर कुणी भीती घालायला नको. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आधी भादंवि ४९९-५०० होतं. नाव बदललं म्हणून आपोआप सुटका होत नाही, ओळखीच्या लोकांना माणूस ओळखू येतो का हे बघितलं जातं. आणि बऱ्याच जणांना वाटतं की खरं आहे म्हटलं की झालं, तसं नाही, फौजदारीत खरं असणं आणि ते सार्वजनिक हितासाठी असणं दोन्ही लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नव्या कायद्यात सामाजिक सेवाही आहे. हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात चाळीतलं असं भांडण कोर्टापर्यंत जाऊ नये आणि बहुतेक जाणारही नाही.

उलट बाजूनं कुणी म्हणेल की वाळीत टाकलं म्हणून मंडळावर केस करा. २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे आपल्याकडे, पण तो जातपंचायती डोळ्यासमोर ठेवून केलाय, चाळीच्या कमिटीला सहजासहजी लागणार नाही. लेखी माफीबद्दल मात्र निशिगंधशी सहमत. सही करून काहीही देऊ नका. तो कागद उद्या कबुली म्हणून फिरतो.

पानगळ
हे नवीन नाही हो. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'वर १९६५ साली अत्र्यांनी केवढी झोड उठवली होती, नाक्यावरच्या पोरांची भाषा छापली म्हणून. पण तिथे ओरडणारे बाहेरचे होते. घरचेच उठतात तेव्हा जास्त लागतं. हांसदा सौवेंद्र शेखर हे स्वतः संथाळ, पेशानं डॉक्टर, त्यांच्या इंग्रजी कथासंग्रहावर २०१७ मध्ये झारखंड सरकारनं बंदी घातली आणि त्यांना सरकारी नोकरीतून निलंबितसुद्धा केलं. तक्रार करणाऱ्यांत त्यांच्याच समाजातले लोक होते, आमच्या बायकांची बदनामी केली असं म्हणत. पुढे बंदी उठली.

आणि दया पवारांचं 'बलुतं' आठवा, १९७८ चं. तिथे लेखकानं सगळ्यात आधी स्वतःला उघडं केलंय, दगडू मारुती पवार म्हणून स्वतःच समोर उभा राहिलाय. दुसऱ्याचं झाकलेलं काढायचं तर आधी आपलं काढावं असं मला वाटतं. ह्या मुलीच्या कथेत ती स्वतः कुठे आहे?

डिलाईल_रोड
पानगळ, ती १९८२ ला जन्मली नव्हती, ती कथेत कुठून असणार? तमिळ लेखक पेरुमाळ मुरुगन ह्यांच्या केसमध्ये २०१६ ला मद्रास हायकोर्टानं काय सांगितलं? पुस्तक नको असेल तर वाचू नका, लेखकाला लिहू दे. माझं म्हणणं तेवढंच आहे.

पानगळ
मुरुगनना त्रास देणारे त्या भागातले जमीनजुमला असलेले वजनदार लोक होते. इथे ऐंशी ओलांडलेला एक गिरणी कामगार आहे, त्याच्या हातात ना मासिक ना कोर्ट. दोन्हीला एकच माप लावू नका. ह्या प्रकरणात छापण्याची ताकद मुलीकडे आहे, आबांकडे नाही.

तिसरी_पाळी
हेच. हे मला नीट मांडता येत नव्हतं.

कोकणकन्या
थोडं अवांतर. खानावळवाल्या बायकांवर कुणी लिहितच नाही, म्हणून त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. माझी आजी परळला पंधरा-वीस माणसांना जेवण द्यायची. दहा बाय बाराची खोली, पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा, पहिल्या पाळीचे डबे आधी, मग तिसऱ्या पाळीवरून येणारे पानावर बसायचे. संपात पैसे येणं थांबलं तरी तिनं जेवण थांबवलं नाही, वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. लाल पुठ्ठ्याची वही होती, नावं आणि पुढे उभ्या रेघा, एक रेघ म्हणजे एक वेळचं जेवण. गावी गेलेल्यातले काही परत आलेच नाहीत. ती वही आईनं अजून ठेवलीय. प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते अशाच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. पण संपाचा इतिहास सांगताना पुढारी येतात, गिरणी मालक येतात, जेवण कुणी घातलं ते येत नाही.

पावटा
कोकणकन्या, त्या वहीवर वेगळा धागा काढा प्लीज.

मिरजकर
सहमत, वेगळा धागा हवाच. पण मूळ प्रश्न बाजूला पडतोय.

काळी_शाई
मी लिहिते, थोडंफार छापून येतं, आणि मी सोलापूरच्या बिडी कामगारांच्या वसाहतीतली आहे. म्हणून ह्या मुलीच्या जागी स्वतःला बघू शकते.

आमच्याकडे घरोघर बायका सुपात पानं-तंबाखू घेऊन उंबऱ्यात बसलेल्या. हजार बिड्यांवर मजुरी, आणि माल देताना बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे कापतात. मी माझ्या मावशीवर लिहिलं. छापायला देण्याआधी तिच्यासमोर बसून सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं होतं नवऱ्यानं टाकलेलं लिहिलंय ते तिला लागेल. त्यावर ती काही बोलली नाही. तिला राग आला तो दुसऱ्याच वाक्याचा. मी लिहिलं होतं की खोलीभर तंबाखूची धूळ असायची. म्हणाली, "मी रोज दोनदा झाडत होते, तुला दिसलं नाही का? लोकांना वाटेल घाण होते मी." ते वाक्य काढलं. नवऱ्याचं तसंच राहिलं, तिनंच राहू दे म्हटलं.

माणसाला नक्की काय लागेल हे लिहिणाऱ्याला बाहेरून कळत नाही, ते त्याला विचारूनच कळतं. आपण गरिबी, दारू, भांडणं ह्यांना लाज समजतो. त्यांची लाज भलत्याच जागी असते. परवानगी घ्या असं मी म्हणत नाही, परवानगीवर लिहायला बसलो तर काहीच लिहून होणार नाही. पण ज्याची गोष्ट आहे त्याला ती सगळ्या गावाच्या नंतर, व्हॉट्सअपवरून कळावी हे वाईट.

निशिगंध, दोन गोष्टी विचारते. मामी काय म्हणतात? आणि आबांनी कथा वाचलीय का? सगळ्या धाग्यात चाळ काय म्हणते, मंडळ काय म्हणतं, मुलगा काय म्हणतो हेच आहे.

डिलाईल_रोड
काळी शाई, प्रतिसाद आवडला. तरी एक शंका. मावशी म्हणाली असती की नवऱ्याचंही काढ, तर?

काळी_शाई
तर छापलं नसतं. निदान ती असेपर्यंत. दुसऱ्या लेखकाचं मत वेगळं असू शकतं, माझं हे आहे.

निशिगंध
तुमचा प्रश्न वाचून काल बहिणीला फोन केला.

आबांना कुणी वाचून दाखवलेलीच नाही. त्यांना दिसत नाही नीट, मोतीबिंदूचं एकच ऑपरेशन झालंय. मुलानं घरात ताकीद दिलीय, म्हाताऱ्याला कळता कामा नये. म्हणजे ज्यांच्या अब्रूवरून हा सगळा प्रकार चाललाय त्यांना सोडून सगळ्यांनी वाचलीय.

मामीचं म्हणणं, ती नातीवर चिडलेली नाही, पण म्हणाली, मी तुला ते रात्री पाय चेपताना सांगितलं होतं. पुढे म्हणाली की त्या मजल्यावर आमच्या वयाच्या सगळ्यांना माहीत होतं. रात्रीचा डबा घेऊन माणूस जिना उतरतो आणि कुणाला दिसत नाही असं चाळीत होतं का? सगळ्यांना दिसत होतं, पोर आजारी होती म्हणून सगळे गप्प बसले. कथेत लिहिलंय की फक्त तिलाच माहीत होतं, ते तिला पटलेलं नाही.

तिसरी_पाळी
हे वाचून थांबलो. माझ्या वडिलांच्या यादीतही अशी दोन-तीन नावं होती जी ते मोठ्यानं घ्यायचे नाहीत. म्हणजे काही लोकांना सूट दिलेली होती. ते आम्हा मुलांना कधी सांगितलं गेलं नाही, आम्हाला फक्त हटला नाही की फुटला एवढंच शिकवलं. आबांच्या मुलाचंही तेच झालं असणार.

अनामिका७
मग ही कथा लिहिली गेली ते बरंच झालं की. मजल्यानं गप्प राहून एका घराला सांभाळलं ही तर मूळ कथेपेक्षा मोठी गोष्ट आहे.

वकिलीण
मुलीनं आबांना जाऊन वाचून दाखवावी, एवढं माझंही मत. कायद्याशी काही संबंध नाही, असंच वाटतं म्हणून.

मिरजकर
मुलाच्या परोक्ष? त्यानं घरात ताकीद दिलीय. म्हातारपणी धक्का बसला तर जबाबदारी कुणाची?

काळी_शाई
मुलाला सांगून जा, परोक्ष नको. नाही म्हणाला तरी मामी त्यांच्या बरोबरीच्या आहेत, मामींना तो अडवणार नाही.

निशिगंध
अपडेट देते, सगळ्यांनी इतकं लिहिलंत म्हणून.

मामी स्वतः गेली नातीला घेऊन. मुलगा घरात होता, काही न बोलता बाहेर कठड्याला जाऊन उभा राहिला. मुलीनं पूर्ण कथा वाचली. आबा मधेमधे थांबवत होते. पहिलं म्हणजे दुसरी पाळी लिहिलीय ती चूक, तिसरी होती, दुसऱ्या पाळीला त्या खात्यात माणसंच नव्हती. मग म्हणाले, मागच्या गेटानं चोरून गेलो असं कशाला लिहिलंस? मागचं गेट बंद होतं तेव्हा. गिरणीची गाडी यायची, खिडक्यांना जाळ्या मारलेली, पोलीस पुढे, त्या गाडीत बसून पुढच्या गेटानं आत गेलो, नाक्यावरच्या लोकांनी दगड मारले ते जाळीवर आपटत होते. हे लिही म्हणाले. माफीबिफी काही बोलले नाहीत. आणि शेवटी पोरीचं काय झालं ते का नाही लिहिलंस असं विचारलं, कथेत ते मोकळं सोडलंय. ती मुलगी कल्याणला असते, तिची मुलं कॉलेजात आहेत. तिला मात्र ह्यातलं काही माहीत नाही, ना तेव्हाचं, ना आत्ताचं.

मुलगा अजून चिडलेलाच आहे, उलट जास्त. वडिलांवर की हिच्यावर कळत नाही. इतकी वर्षं स्टेजवर बोललो त्याचं काय, असं म्हणाला म्हणे. मंडळानं माफीची मागणी सोडलेली नाही, रविवारी मीटिंग आहे. आणि एका प्रकाशकाला तिच्या कथांचा संग्रह काढायचाय, त्यांना ही कथा हवीच आहे. मुलगी म्हणते आता काढूनच टाकते, नको मला हे. मला वाटतं काढू नये. पण बदल काय करावेत?

तिसरी_पाळी
काढू नका. जाळीची गाडी घाला. आणि पूर्ण मजल्याला माहीत होतं हे आलंच पाहिजे. मुलावर फार रागवू नका, त्याच्यापाशी बापाची एवढीच गोष्ट होती.

डिलाईल_रोड
माफीला माझा विरोध कायम आहे. पण जाऊन वाचून दाखवलं हे चांगलं केलं, हेही लिहून ठेवतो.

वकिलीण
संग्रहात घेताना पाय, तपकीर, पखवाज तिन्ही बदला. खातं आणि मजलासुद्धा. आबांची हरकत नाही हे ठीक, पण घरात बाकीची माणसं आहेत, नातवंडांची लग्नं व्हायचीत.

पावटा
पखवाजाच्या जागी टाळ ठेवा, भजनात पाच-सहा जण तरी टाळ वाजवतात, कुणीच सापडणार नाही. आणि कठड्यावर उभ्या राहिलेल्या मुलाला संग्रहाची पहिली प्रत तिनं स्वतः नेऊन द्यावी.

काळी_शाई
वकिलीणशी सहमत, आणि एक सांगते. संग्रहाच्या आधी, रविवारच्याही आधी, कल्याणला जा. तिच्या आजारपणावर कथा उभी आहे, तिला व्हॉट्सअपवरून कळू देऊ नका. आबांनाच विचारा कोणी सांगायचं ते, कदाचित ते स्वतः सांगतील. आणि रविवारी मीटिंगला मुलीला एकटीला पाठवू नका, तुम्ही, तिची आई आणि मामी तिघी बरोबर बसा.

निशिगंध
मामीनं आधीच सांगितलंय, ती पुढच्या खुर्चीत बसणार आहे. कल्याणचा फोन नंबर आजच घेते.